मदत हवी आहे: कॉलेजचा फुलबॅक एनएफएलसाठी कसा जोखायचा?

नमस्कार मंडळी. अमेरिकन फुटबॉल मनापासून बघणारं कुणी इथे असेल तर मार्गदर्शन हवंय. आमच्या कॉलेजच्या संघातला फुलबॅक (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या पुढे राहून त्याला वाट करून देणारा खेळाडू) यंदा शेवटच्या वर्षाला आहे. त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, कुणी घेईल का, यावर मला नीट टिपण लिहायचंय. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक असता तर त्याने धावून काढलेले यार्ड मोजले असते. याच्या हातात चेंडूच क्वचित येतो, त्यामुळे आकडेवारीतून काही कळत नाही.

म्हणून व्हिडिओ थांबवून थांबवून बघतोय. लाइनबॅकरला (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला) भिडताना तो गुडघ्यांत वाकून, खांदे खाली ठेवून शिरतो आणि धडकेनंतरही त्याचे पाय चालूच राहतात. हे मला फार आवडतं. पण मोकळ्या जागेत, बाजूला सरकणाऱ्या सेफ्टीला (सगळ्यात मागच्या बचावपटूला) गाठताना तो कमरेतून पुढे झुकतो आणि तोल जातो. हा दोष सरावाने जातो, की मुळात चपळाईच कमी आहे? हे ओळखायचं कसं?

शिवाय आता बऱ्याच संघांकडे फुलबॅकच नसतो. तरी फुलबॅक काइल यूझचेक हार्वर्डमधून २०१३ साली चौथ्या फेरीत निवडला गेला. तो पासही छान झेलतो. दुसरा फुलबॅक अ‍ॅलेक इनगोल्ड, त्याला २०१९ मध्ये कुणीच निवडलं नाही, तरी तो टिकला. पुढे फुलबॅक झालेला पॅट्रिक रिकार्ड तर कॉलेजात डिफेन्सिव्ह लाइनमन (बचावाच्या पहिल्या फळीतला खेळाडू) होता! मग स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) नेमकं काय बघतात? पंट आणि किकऑफच्या वेळचा, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारतात तेव्हाचा खेळ निर्णायक ठरावा असं मला वाटतं. त्याला किती महत्त्व द्यावं?