कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) चा ऑप्शन फॉर्म: ऑटो फ्रीज, बेटरमेंट आणि कागदपत्रांच्या तारखा

प्रश्न
मुलीने एमएचटी-सीईटी दिली आहे, २०२५-२६ साठी इंजिनिअरिंगला प्रवेश हवा आहे. प्रवर्ग ओबीसी. जातवैधता आहे, पण नॉन क्रीमी लेयर तहसील कार्यालयात अडकले आहे. पहिल्या फेरीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाच्या यादीत) 'मिळेल असे' कॉलेज वर टाकायचे की 'हवे ते'? ऑटो फ्रीजमुळे पुढच्या फेऱ्या बंद होतात म्हणे. उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तर टीएफडब्ल्यूएसचाही (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा) काही उपयोग होईल का?

उत्तर १
हवे तेच वर टाका. जागा देताना यादी वरून खाली वाचली जाते. वरचे पर्याय हुकले म्हणून खालच्या पर्यायावरचा तिचा हक्क जात नाही, तो मेरिटनेच ठरतो. 'मिळेल असे' वर टाकले की मात्र फसगत होते. २०२५-२६ साठी चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, की जागा आपोआप फ्रीज होते. ती नाकारली तरी पुढच्या कॅप फेऱ्यांत घेत नाहीत. म्हणजे दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन ओळी आणि तिसरीत पहिल्या सहा ओळी अशाच असू द्या, की त्यातले काहीही मिळाले तरी आनंदाने जाल.

त्याखालचा पर्याय मिळाला तर १००० रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी भरून जागा स्वीकारा आणि बेटरमेंट (जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरचा पर्याय मागणे) निवडा. पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये हातातल्या जागेपेक्षा सरस तेवढेच पर्याय भरा, कारण वरची जागा लागली की आधीची आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही.

उत्तर २
नॉन क्रीमी लेयरचे आधी बघा, बाकी सगळे नंतर. सध्या अर्जाची पावती अपलोड करून ओबीसीतून फॉर्म भरता येईल. मूळ प्रमाणपत्र मात्र वेळापत्रकातल्या मुदतीत गेले नाही तर तिला खुल्या प्रवर्गात धरतात आणि यादीतली निम्मी कॉलेजे हातची जातात. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी प्रमाणपत्राची वैधता ३१ मार्च २०२६ पर्यंत हवी. घरात गेल्या वर्षीचे पडलेले असेल तर त्यावरची तारीख वाचा, बहुतेक घोळ तिथेच होतो. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की त्याच दिवशी नाव, प्रवर्ग, जन्मतारीख आणि गुण तपासा. हरकतीला थोडेच दिवस मिळतात, अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही.

उत्तर ३
टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड (फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी T. त्या कॉलेजचा साधा कोड टाकला म्हणून त्यात विचार होत नाही. या जागा जेमतेम ५ टक्के, त्यामुळे कटऑफ बहुधा साध्या जागेपेक्षा चढा राहतो. तुमच्या मुलीला त्याची फारशी गरजही नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या जागेला ही सवलत मिळत नाही. कुणी 'आत्ताच पैसे भरा, जागा पक्की करतो' म्हणाले तर हे लक्षात असू द्या.

आणि फॉर्म सेव्ह करून थांबू नका. कन्फर्म करा आणि प्रिंटवर चॉइस कोडचा एकेक आकडा वाचून घ्या. शाखा बदलली की कोड बदलतो, आणि एकदा कन्फर्म झाल्यावर त्या फेरीत दुरुस्ती नाही.