संकष्टीचा चंद्रोदय दर महिन्याला वेगळ्या वेळी का होतो?

प्रश्न
आमच्याकडे संकष्टीचा उपवास चंद्रदर्शनानंतरच सोडतात. मुंबईत आश्विनातल्या संकष्टीला चंद्र बहुधा साडेआठच्या सुमारास उगवतो, वैशाखात मात्र दहा वाजायला येतात. तिथी तीच, कृष्ण चतुर्थी, मग एवढी तफावत का पडते? आणि नागपूरला बहिणीकडे चंद्रोदय नेहमी आमच्या आधी कसा होतो?

उत्तर १
नागपूरचा उलगडा सोपा आहे. ते मुंबईच्या पूर्वेला सुमारे 6 रेखांश आहे आणि पृथ्वीला 1 अंश फिरायला 4 मिनिटे लागतात, त्यामुळे तिथे चंद्र साधारण 25 मिनिटे आधी उगवतो.

उत्तर २
तफावतीची कारणे एकाहून अधिक आहेत. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना रोज सुमारे 13 अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणून तो दररोज सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर 12 अंशांनी वाढायला लागणारा काळ. चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी नुकती लागलेली आहे की संपत आली आहे, यावरच पाऊण तासाचा फरक पडू शकतो.

मात्र ऋतूनुसार पडणारा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो म्हणून आपल्याकडे उशिरा उगवतो. चंद्रालाही हाच नियम लागू आहे. वैशाखातल्या संकष्टीला चंद्र मूळ-पूर्वाषाढा नक्षत्रांच्या आसपास, म्हणजे बराच दक्षिणेला असतो, तर आश्विनात तो कृत्तिका-रोहिणीजवळ, उत्तरेला असतो आणि त्यामुळे लवकर वर येतो. वैशाखात सूर्यास्तही जवळजवळ तासभर उशिरा होतो, पण ते वेगळे कारण नाही: तेव्हा सूर्य उत्तरेला असतो, म्हणूनच आकाशात त्याच्या जवळजवळ विरुद्ध बाजूला असलेला चतुर्थीचा चंद्र दक्षिणेला असतो.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. चंद्राचे हे पूर्वेकडे सरकणे साध्या डोळ्यांनी पाहता येईल का?

उत्तर २
नक्कीच. येत्या आश्विनातल्या संकष्टीला चंद्राजवळचा एखादा ठळक तारा हेरून ठेवा. आकाश निरभ्र असल्यास रोहिणी सहज ओळखता येईल. दोघांतले अंतर नीट पाहा आणि तासाभराने पुन्हा पाहा. तेवढ्या वेळात चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर स्वतःच्या रुंदीएवढा पूर्वेकडे सरकलेला असेल.