मदत हवी आहे: दूरच्या दीर्घिकांमध्ये इतक्या लवकर एवढी धूळ आली कुठून?

मंडळी, दोन ठिकाणी अडकलोय.

हर्शेल अवकाश दुर्बिणीने शोधलेली एचएफएलएस-३ ही दीर्घिका आपल्याला दिसते ती महास्फोटानंतर साधारण ८८ कोटी वर्षांच्या काळातली. तिथे वर्षाला हजाराहून जास्त सूर्यांइतके वस्तुमान ताऱ्यांत बदलत होते. आपल्या आकाशगंगेत हा वेग एक-दोन सूर्यांचाच. वेगाचं एक वेळ पटतं. तिथल्या एवढ्या धुळीचं पटत नाही. आपल्या आसपास बरीचशी धूळ म्हाताऱ्या लाल राक्षसी ताऱ्यांतून येते, पण सूर्यासारख्या ताऱ्याला त्या टप्प्यावर पोचायला अब्जावधी वर्षं लागतात. तेवढा वेळ होताच कुठे? मग उरतात अतिनवतारे, म्हणजे भारी ताऱ्यांचे शेवटचे स्फोट (सुपरनोव्हा). १९८७ मध्ये दिसलेल्या १९८७ए या अतिनवताऱ्याच्या अवशेषात सुमारे अर्ध्या सूर्याइतकी धूळ मोजली गेली आहे. पण स्फोटाची उलटी, आतल्या बाजूला फिरणारी आघातलहर (रिव्हर्स शॉक) त्यातले बरेच कण फोडून टाकते म्हणतात! मग थंड वायूच्या ढगांत कण नंतर वाढतात, हेच मुख्य कारण मानायचं का? की फक्त भारी, अल्पायुषी तारे धरूनही हिशेब जुळतो?

दुसरी शंका छोटी आहे. ८५० मायक्रोमीटर तरंगलांबीवर अशा धुळीने भरलेल्या दीर्घिका अंतर वाढलं तरी फारशा मंद होत नाहीत. ताम्रसृतीमुळे (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी ताणली गेल्यामुळे) धुळीच्या उत्सर्जनाचा शिखराजवळचा, जास्त तेजस्वी भाग आपल्या पट्ट्यात सरकतो आणि अंतराचा तोटा भरून निघतो, असं मी समजतोय. बरोबर आहे ना?

गणित चालेल, फक्त पायऱ्या गाळू नका.