अमेरिकेतील वसंताची रानफुले : प्रकाशचित्रांसाठी जागा कशा शोधता?

फेब्रुवारी सरत आला की कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधल्या मराठी मंडळींत ‘यंदा फुले कुठे?’ ही विचारणा सुरू होते. या धाग्यावर नुसती ठिकाणांची नावे न देता ती जागा कशी हेरली, उजेड कोणत्या बाजूने मिळाला आणि गाडी कुठे लावता आली, हे सविस्तर लिहावे, आणि वर आपल्या शहराचे नाव द्यावे. सुरुवात मीच करतो.

सॅन होजे
मी ठिकाणाआधी पावसाचा माग काढतो. वाळवंटी आणि गवताळ भागातल्या वर्षायू (एकाच मोसमात जगणाऱ्या) फुलांचे बी रुजायला शरद ऋतूच्या अखेरीस एक चांगला पाऊस लागतो, पुढे हिवाळाभर थोड्याथोड्या अंतराने सरी याव्या लागतात, आणि एवढे जुळून आल्यावरही फेब्रुवारी-मार्चमध्ये उष्ण कोरडे वारे सुटले तर बहर करपतो. 2017, 2019 आणि 2023 या वर्षी हे गणित जमले आणि मध्य कॅलिफोर्नियातल्या कारिझो प्लेन या गवताळ मैदानाभोवतीचे डोंगर अक्षरशः रंगले. महामार्ग 58 सोडून सोडा लेक रस्त्याला लागण्यापूर्वी टाकी भरून घ्यावी, कारण आत इंधन मिळत नाही आणि खाण्यापिण्याचे सामानही बरोबरच न्यावे लागते. पाऊस नुकताच पडला असेल तर कच्च्या रस्त्यांच्या वाटेला जाऊ नये. तिथला चिखल चाके धरून ठेवतो. टेंब्लर रांग मैदानाच्या पूर्वेला असल्यामुळे तिचे मैदानाकडचे उतार दुपारनंतर उजळतात. अशा वेळी डोंगर चढण्यापेक्षा मैदानातूनच 200 मिमीच्या लेन्सने पिवळ्या हिलसाइड डेझीचे आणि जांभळ्या फॅसेलियाचे पट्टे एकमेकांवर आणणे मला अधिक फलदायी वाटते.

लॉस एंजेलिस
लँकेस्टरजवळच्या अँटिलोप व्हॅलीतील पॉपी राखीव क्षेत्राबद्दल लिहितो. सूर्योदयाचा कोवळा प्रकाश पकडायचा हा प्रकाशचित्रकारांचा नियम इथे कामाचा नाही, कारण कॅलिफोर्निया पॉपी रात्री, थंडीत आणि ढगाळ हवेत पाकळ्या मिटून बसते. ऊन चांगले तापल्यावर फुले उघडतात आणि दुपारी वारा वाढला की डोलू लागतात, म्हणून मधले काही तासच खरे उपयोगाचे. पायवाटेवर आडवे होऊन फूल न तोडता सूर्यासमोर येईल असा कॅमेरा धरला की चारही पाकळ्या आतून पेटल्यासारख्या दिसतात, त्यांच्याखालची पसरट कडा स्पष्ट होते, आणि शेजारच्या एखाद्या कळीवर टोकदार हिरवी टोपी अजून तशीच असते. मला तरी भगव्या गालिच्याच्या चित्रापेक्षा हे चित्र जास्त आवडते. राखीव क्षेत्रात पायवाट सोडण्यास आणि ड्रोन उडवण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये 2019 साली लोटलेली गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना 2023 च्या बहरात ती जागा लोकांसाठी बंद ठेवली याचे नवल वाटले नसेल.

सॅन डिएगो
आमच्याकडे आन्झा-बोरेगोचे वाळवंट फेब्रुवारी-मार्चमध्येच फुलते. हेंडरसन कॅन्यन रस्त्यावरचा गुलाबी सँड व्हर्बिना सुरेख असतो, पण स्फिंक्स पतंगाच्या अळ्यांची धाड पडली तर बहर बघता बघता विरळ होतो. त्यामुळे आठवड्यापूर्वीच्या व्हायरल चित्रावर विसंबू नये. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तारखेची चाळणी लावून ताज्या नोंदी पाहाव्यात, आणि थिओडोर पेन फाउंडेशन या स्थानिक वनस्पतींच्या संस्थेची मार्च ते मेमधील साप्ताहिक माहिती फोनवर ऐकावी.

सॅक्रामेंटो
मी मूळची सातारकडची असल्याने ओरोव्हिलजवळचे नॉर्थ टेबल माउंटन पाहून मला थेट कास आठवले. दोन्हीकडे कठीण खडकावर मातीचा पातळ थर आहे, पाणी मुरत नाही, उथळ डबकी साचतात आणि झाडेझुडपे फारशी वाढू शकत नाहीत. फरक इतकाच की आपल्याकडे सीतेची आसवे आणि गेंद पावसाळा सरताना फुलतात, तर इथला पाऊस हिवाळ्यातला असल्यामुळे बहर मार्च-एप्रिलमध्ये येतो. कासची सवय असलेल्यांनी इथेही नजर डबक्यांच्या काठाकडे ठेवावी, कारण पाणी आटत जाते तशी फुलांची कडी आत सरकते. आकाशाचे प्रतिबिंब आणि फुलांची किनार एकाच चौकटीत हवी असेल तर पाणी पूर्ण आटण्याआधी पोहोचावे लागते. प्रवेशाचा पास आधीच काढून ठेवावा.

ऑस्टिन
टेक्सासमध्ये जागा शोधायला फार भटकावे लागत नाही, कारण राज्याचे परिवहन खाते महामार्गांच्या कडेला रानफुलांचे बी पेरते आणि फुलांचे बी पिकेपर्यंत शक्यतो गवत कापत नाही. अडचण थांबण्याची असते. फ्रेडरिक्सबर्गजवळचा विलो सिटी लूप देखणा आहे, पण दोन्ही बाजूंची जमीन खासगी असल्याने कुंपणाबाहेरूनच चित्रे घ्यावी लागतात. ब्लूबॉनेट या निळ्या रानफुलाच्या ताटव्यात बसण्यापूर्वी काठीने गवत चाचपावे. रॅटलस्नेक आणि लाल मुंग्या दोन्हींचा वावर असतो. ताटवा निवडताना मी वरच्या पाकळीवरचा ठिपका पाहतो. ताज्या फुलात तो पांढरा असतो आणि फूल जुने झाले की लालसर जांभळा होतो. मधमाश्याही पांढऱ्या ठिपक्याच्या फुलांकडेच अधिक वळतात, तेव्हा मधमाशीसह चित्र हवे असेल तर तिथेच कॅमेरा लावून थांबावे आणि शटरचा वेग सेकंदाच्या 1/1000 भागापेक्षा मंद ठेवू नये.