'मोक्ष', 'मुक्ती' की 'तारण'?

मिरजकर : हिंदू, जैन आणि ख्रिस्ती या तीन धर्मांच्या शिकवणीवरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना मी 'सॅल्व्हेशन'साठी सर्वत्र 'मोक्ष' योजला होता. आमच्या परिचयाच्या ख्रिस्ती शिक्षिकेने तो वाचून हरकत घेतली. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, आणि तो फेराच ख्रिस्ती माणूस मानत नाही. त्याचे तारण होते ते पापापासून, तेही देवाच्या कृपेने, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. तिन्हींना चालेल असा शब्द आहे का?

तासगावकर : 'तारण' म्हटले की आमच्याकडे बेदाणा ठेवून उचललेले कर्जच आठवते. सरळ 'मुक्ती' घ्यावा.

सातारकर : 'मुक्ती' तितका सरळ नाही. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा चार मुक्ती सांगून त्यांतली सायुज्यताच, म्हणजे देवाशी एकरूप होणेच, शाश्वत मानली आहे. शिवाय मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत 'तारणारा' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. ज्या ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापन केला आणि अभंगांतून ख्रिस्त गायिला, त्यांच्या मराठीला परकी कोण म्हणेल?

सांगलीची वाचक : आम्हा जैनांना मात्र 'तारण' चालणार नाही. सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य हाच मोक्षमार्ग, असे तत्त्वार्थसूत्राचे पहिलेच सूत्र सांगते. कर्माची निर्जरा, म्हणजे साचलेले कर्म झाडून टाकणे, ज्याची त्यानेच करायची असते. स्त्रीला त्याच देहाने मोक्ष मिळतो की नाही, यावर तर दिगंबर आणि श्वेतांबर यांचेही एकमत नाही.

सातारकर : परंतु 'तीर्थंकर' हा शब्दही 'तॄ' धातूचाच आहे, म्हणजे तरून जाणे तुमच्याकडेही आलेच.

सांगलीची वाचक : तीर्थंकर नदी ओलांडायचा उतार दाखवतात, हात धरून पैलतीरी नेत नाहीत. धातू एक असला म्हणून श्रद्धा एक ठरत नाही, आणि भाषांतरात हा भेद पुसणे मला अन्यायाचे वाटते.

तासगावकर : गहाणाचे 'तारण'सुद्धा त्याच धातूचे असावे, कर्ज 'बुडते', म्हणून ते तारायला तारण.

कराडकर : ही व्युत्पत्ती ओढूनताणून वाटते. माझी खरी अडचण मराठी बायबलातल्या 'खंडणी'ची आहे. ख्रिस्ताने आपला जीव खंडणी म्हणून दिला, हे वाचताना आजच्या मुलांना पोलीस ठाण्यातला गुन्हा आठवतो. तो शब्द आता बदललाच पाहिजे.

सातारकर : मुळीच नाही. बखरींतली खंडणी मुलांना शिकवावी. वर्तमानपत्रांनी शब्द बिघडवला म्हणून प्रार्थनेने तो का सोडावा?