भारतीय फुटबॉल संघाचा पुढचा कोच देशीच हवा? का पण?

चिवट_बॅक (27 जुलै 2025)

परवा इथेच एकांनी लिहिलं, "रहीमसाहेब गेल्यावर भारतीय फुटबॉलचं वाटोळं गोऱ्या कोचांनी केलं. खालिद जमीलला आणा, विषय संपला." त्यावर वाहव्वा करणाऱ्यांची रीघ. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

रहीमसाहेब, आपले सुवर्णकाळातले कोच, 1963 ला गेले. पुढच्याच वर्षी आशिया चषकात आपण उपविजेते ठरलो तेव्हा बेंचवर हॅरी राइट होता. इंग्रज. पुढे पीके बॅनर्जी, नईमुद्दीन, सुखविंदर सिंग हे सगळे आपलेच की. मग वाटोळं नेमकं कुणी केलं?

आता 170 अर्जांतून तीन नावं उरलीत: खालिद (जमशेदपूरचा कोच), कॉन्स्टन्टाइन (आपला आधीचा कोच), टार्कोविच (स्लोव्हाकियाचा). माझं मत टार्कोविचला. युरो स्पर्धेत स्लोव्हाकियाचा कोच म्हणून पोलंडला हरवलेला माणूस. शिवाय किर्गिझस्तान सांभाळल्यामुळे आपण ज्या मध्य आशियाई संघांकडून मार खातो ते त्याच्या ओळखीचे. आत्ताच गेलेल्या कोच मनोलोसारखा एक पाय गोव्याच्या क्लबात, एक दिल्लीत असला प्रकार पुन्हा नको. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर! खालिद उत्तम क्लब कोच आहे, पण देशाच्या संघाला वर्षातून मोजके दिवस मिळतात. ते काम निराळं.

कूपरेजचा_कठडा

पोलंड आठवला, त्याच गटात स्पेनकडून पाच खाल्ले ते बरं विसरलात.

मुंबई एफसीचे सामने आम्ही कूपरेजला बघायचो. मैदान प्लास्टिकचं, संघात ज्याचं नाव ऐकून कुणी वळून बघेल असा एक खेळाडू नाही. ऑफिसातून धावत पळत गेलो की शेजारी बसायला माणूस मिळेल याचीही खात्री नसायची. तरी खालिदने हा संघ वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये, तेव्हाच्या मुख्य राष्ट्रीय लीगमध्ये, टिकवला. तो 2016 ला गेला, पुढच्याच मोसमात मुंबई तळाला जाऊन बाहेर. आणि त्याच मोसमात हा बाबा मिझोरमच्या ऐजॉलला घेऊन चॅम्पियन! मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू बघत राहिले. क्लब कोच म्हणे. टार्कोविच येणार, पहिले सहा महिने पोरांची नावं पाठ करणार, मग "व्यवस्था बदलायला वेळ द्या" म्हणणार. मनोलोच्या आधीच्या स्टिमॅचने पाच वर्षं दुसरं काय केलं?

फातोर्ड्याचो_भुरगो

ऐजॉल, ऐजॉल किती वर्षं पुरवून खाणार? आदल्या मोसमात ऐजॉल आय-लीगमधून खाली घसरलेला होता. परत जागा का मिळाली? आमचे गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग वैतागून लीगमधून बाहेर पडले म्हणून. पाठोपाठ धेंपोही. पाच वेळा देशाचा विजेता क्लब, एका मोसमात राष्ट्रीय नकाशावरून गायब. त्यावर कुणी धागा काढला नाही.

आणि देशी कोचचं एवढं प्रेम असेल तर 2011 ला आर्मांदो कोलासोला किती महिने दिलेत? साव्हियो मेदेरालाही वर्षभर नाही. ते गोंयकार होते म्हणून देशी धरत नाहीत की काय?

खालिदचा खेळ मला बघवत नाही. दहा जण मागे, लांब चेंडू, देवाचं नाव. मे महिन्यात भुवनेश्वरला सुपर कपच्या फायनलमध्ये गोव्याने त्याच्या जमशेदपूरला तीन-शून्य वाजवलं. गोव्याचा कोच कोण होता बरं?

चिवट_बॅक

मनोलोच. क्लबाला कप, देशाला भोपळा. माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभार.

कॉन्स्टन्टाइन_समर्थक

कुणीच नाव घेत नाही म्हणून लिहितो. फिफा क्रमवारीत 173 वरून 96 वर कुणी नेलं? थायलंडला 4-1 कुणी हरवलं? बहरीनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत पेनल्टी गेली नसती तर 2019 ला आपण बाद फेरीत होतो.

कूपरेजचा_कठडा

पेनल्टी दिली कुणी? प्रणय हल्दरने, ज्याला त्या दिवशी छेत्री संघात असताना कर्णधार केलं होतं. ती कल्पना कुणाची? आणि 2015 ला गुआमकडून हरलो ते कुणाच्या काळात?

पेठेतला_नऊ_नंबर

भावांनो, कोच कोण बी आणा, गोल कोण मारणार? चाळीशीतल्या छेत्रीला निवृत्तीतनं परत बोलवायची पाळी का आली? आयएसएल लीगमध्ये नऊ नंबर (पुढचा स्ट्रायकर) म्हणजे परदेशीच. आपली पोरं विंगेवर नाहीतर बाकावर.

माझा पुतण्या शाळेत असल्यापासून स्ट्रायकर. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर त्याचा गोल बघून म्हातारी माणसं उठून उभी राहिलेली मी बघितल्यात. एका तालमीच्या संघात गेला, त्यांनी आफ्रिकेतला गडी आणला आणि ह्याला उजव्या बॅकला ढकलला. आता कंटाळून टेम्पो चालवतो. जे पेठेत झालं तेच देशात चाललंय. टार्कोविच काय करणार त्यात?

कूपरेजचा_कठडा

कोल्हापूरचं नका सांगू. तिथे सामन्यापेक्षा गॅलरीतला राडा जास्त गाजतो. आधी दगड खाली ठेवा, मग नऊ नंबर शोधू.

पेठेतला_नऊ_नंबर

तोंड सांभाळून. तुमच्या कूपरेजला शेजारी बसायला माणूस मिळत नाही असं तुम्हीच वर लिहिलंय. आमच्याकडं पेठांचा सामना असला की उभं राहायला जागा नसते, तिकीट काढून. अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तो कुठला? मुंबईनं महिंद्रा क्लब बंद पडताना बघितला, एअर इंडिया बघितला, काय केलं? राडा होतो, नाकारत नाही. पण राडा करायला तरी माणसं येतात!

फातोर्ड्याचो_भुरगो

पेठवाल्यांना शंभर टक्के अनुमोदन. मुंबईला फुटबॉल टीव्हीवरच आवडतो, तोही मँचेस्टरचा.

जर्सी_सिटीकर

तुम्ही गल्ली सोडाल तर बोलतो. बांगलादेशने इंग्लंडमध्ये वाढलेल्या हमजा चौधरीला आणलं, शिलाँगला येऊन 0-0 करून गेले. हाँगकाँगमध्ये बाहेरून आलेले किती खेळतात ते जूनमध्ये बघितलंत, 1-0 ने हरलात. जगभर भारतीय वंशाचे खेळाडू पडलेत. दुहेरी नागरिकत्व द्या, कोचचा वाद उरणारच नाही.

पेठेतला_नऊ_नंबर

म्हणजे आधी क्लबात परदेशी, आता देशातही. माझ्या पुतण्याला गोलकीपर करा आता.

चिवट_बॅक

धागा कोचवर आहे हो. (कुणी वाचत असेल तर.)

कूपरेजचा_कठडा

कोचचं ठरलंय. युरोपातले बडे कोच झावी आणि पेप दोघांनी अर्ज केलाय, मेल आली होती. बनावट निघाली ही फार बारीकसारीक गोष्ट आहे. स्टिमॅचला काढायचे चार लाख डॉलर मोजून झाल्यावर महासंघाच्या खिशात जे उरलंय, त्यात खालिदच बसतो. तुमचं टार्कोविचचं गणित तिथेच संपतं.

चिवट_बॅक

स्वस्त म्हणून नेमा, असं स्पष्ट म्हणालात तर मान्य आहे. "देशी म्हणून थोर" हे सोंग तेवढं नको.

---

कॉन्स्टन्टाइन_समर्थक (19 नोव्हेंबर 2025)

धागा वर काढतोय. काल ढाक्याला 1-0. बांगलादेश आपल्याला बावीस वर्षांनी हरवतो. आशिया चषकाची पात्रता आधीच गेली होती. खालिदला कोच केलंत, आता खालिदभक्त कुठे आहेत?

कूपरेजचा_कठडा

इथेच आहे. ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाच्या काफा स्पर्धेत तिसरे आलो, तेव्हा आपण कुठे होतात? मोहन बागानने खेळाडू सोडले नव्हते, तरीही. लीगचा पत्ता नाही, पोरं सामन्याविना बसलीत. अशा वेळी साक्षात पेप आला असता तरी हेच झालं असतं.

फातोर्ड्याचो_भुरगो

पात्रता गेली त्या सिंगापूरच्या सामन्याला मी गोव्यात फातोर्ड्यावर होतो. आपल्या छांगतेने सुरुवातीलाच काय गोल मारला! मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी, नंतर दुसरा, आणि आम्ही मागे बसून लांब चेंडू मारतोय. जुलैत हेच लिहिलं होतं तर वाकडं वाटलं. तरी एक म्हणतो, ओमानच्या दिवशी तो बरा वाटला. एक दिवस.

जर्सी_सिटीकर

ते दोन्ही गोल सोंग उई-यंगचे. जन्म कोरियाचा, पासपोर्ट सिंगापूरचा. पुढे बोलू का?

पेठेतला_नऊ_नंबर

नको. तुमचा रायन विल्यम्स आला की. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून आला, आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. दुहेरी बिहेरी काही लागलं नाही, एकच पासपोर्ट आणि तोही आपला. त्याला माझा सलाम. आता तुमच्यातले आणखी किती जण पासपोर्ट टाकून येणार ते विचारून सांगा.

चिवट_बॅक

खालिदला आता काढू नका. टार्कोविचचं मत मागे घेत नाही, पण स्टिमॅच, मनोलो, खालिद हे सगळे दीड वर्षात झाले. चौथ्याची जाहिरात काढणं हा शुद्ध निर्लज्जपणा होईल. मार्चमध्ये हाँगकाँगशी शेवटचा सामना उरलाय, त्यातून मिळायचं काहीच नाही. त्यात निदान तेवीस वर्षांखालची पोरं खेळवा, पुढे एक आपला स्ट्रायकर नव्वद मिनिटं ठेवा.

कूपरेजचा_कठडा

हेच मी जुलैपासून सांगतोय.

पेठेतला_नऊ_नंबर

तुम्ही? तुम्ही दगड खाली ठेवा म्हणत होता.