व्याख्यानाला अंगण भरतं, पण वाचनालयाच्या कामाला माणूस मिळत नाही

सचिव_कोकण
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाचा मी सचिव. 'ड' वर्ग, म्हणजे सरकारी अनुदानाच्या यादीत सगळ्यात खालचा; दोन खोल्या, वर कौलं. जानेवारीत तीन दिवस व्याख्यानमाला असते. पंचक्रोशीतून माणसं येतात, खुर्च्या कमी पडतात, पोरं गडग्यावर बसून ऐकतात. चौथ्या दिवशी पुन्हा आम्ही तेच चार-पाच जण. पावसाआधी शाकारणीला, म्हणजे कौलं काढून नीट बसवायला, हात मिळत नाहीत. भिंतीलगतच्या कपाटाला वाळवी लागली आहे, जुने दिवाळी अंक उचलले की भुगा पडतो. स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री अभ्यासाला बसतात आणि वीज गेली की मोबाईलच्या उजेडात वाचतात. अनुदानात पेपरची बिलं, ग्रंथपालाचं मानधन आणि थोडी नवी पुस्तकं एवढंच बसतं.

'सढळ हाताने मदत करा' असं आम्ही आभाराच्या वेळी सांगतो, तोवर लोक चपला शोधत असतात. पण ही माणसं कोरडी नाहीत. अंधारातून बॅटरी घेऊन ऐकायला येतात ती. त्यांना कामात कसं ओढावं?

कीर्तनप्रेमी_अमरावती
दादा, आमच्या भागात गाडगेबाबांचं नाव निघाल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनातही एकटे बोलत नसत. साधे प्रश्न विचारायचे आणि उत्तर समोरच्या गर्दीकडून घ्यायचे. कर्ज काढून सण करावा का? पोराला शाळेत घालावं का? ज्यानं आपल्या तोंडानं उत्तर दिलं, तो त्यात गुंततोच. स्वतः अक्षरशत्रू असलेल्या या माणसाने लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. तुमच्याकडे वक्ता बोलतो आणि लोक ऐकतात. लोकांना बोलायला जागा कुठे आहे?

मिरजेची_ताई
मी बचत गटाचं काम पाहते, म्हणून रोखठोक लिहिते. आभारात काही मागूच नका. पाहुणे बोलायला उठण्याआधी, अंगण भरलेलं असताना, रात्री अभ्यासाला बसणाऱ्या एका मुलीला दोन मिनिटं बोलू द्या. ती काय वाचते, वीज गेल्यावर काय होतं, एवढंच तिने सांगावं. मग मागायचं ते नेमकं: एक इन्व्हर्टर, एक लोखंडी कपाट, शाकारणीला दहा माणसं, अमुक रविवारी, सकाळी आठ वाजता. 'मदत करा' म्हटलं की ज्याला त्याला वाटतं, शेजारचा करील. दारात वही ठेवा, नाव आणि काम लिहून घ्या आणि आठवड्याच्या आत फोन करा. हा फोन राहिला की सगळं राहिलं.

आणि बायकांना विचारा हो! समितीवर किती जणी आहेत?

जुना_श्रोता_पुणे
थोडं वेगळं मत मांडतो. न्या. रानड्यांनी इथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 मध्ये. नुसतं येऊन मन लावून ऐकणं हेही समाजाचं काम आहे, त्याला कमी लेखू नये. दर संध्याकाळी झोळी पुढे आली तर साधा माणूस दुसऱ्या दिवशी यायला बिचकतो. एकाच दिवशी मागा, उरलेले दोन दिवस निखळ ऐकू द्या.

सचिव_कोकण
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, समितीवर एकच बाई आहे, तेही फक्त कागदावर. हे बदलायलाच हवं. जुना_श्रोता यांचंही पटलं, मधल्या दिवशीच मागू. अभ्यासाला बसणाऱ्या एका मुलीशी आजच बोललो, ती तयार आहे. एक शंका उरते: मुंबईचे चाकरमानी पैसे पाठवतात, पण इथे राबणाऱ्यांना वाटतं की नाव त्यांचंच होतं.

मिरजेची_ताई
मग फळ्यावर दोन्ही लिहा. अमक्याने इतके रुपये, तमक्याने दोन दिवस कौलं चढवली, एकाखाली एक, सारख्याच अक्षरात. फळा वाचनालयाच्या आत नको, एसटी थांब्याजवळ लावा. खर्चही तिथेच, खिळ्याच्या पाकिटापर्यंत. चाकरमानी मे महिन्यात येतात, शाकारणीही तेव्हाच असते ना? त्यांनाही शिडीवर चढू द्या.